सातवं नाव

“ठीक आहे मॅडम, कळवतो आम्ही,” असं तिकडची मुलगी म्हणाली, हिनेही “थँक यू” म्हटलं, आणि फोन कानाला तसाच धरून ती तिकडून तो बंद व्हायची वाट बघत राहिली. आपण आधी फोन ठेवायचा नाही, हा या सात महिन्यांत तिने स्वतःला घालून घेतलेल्या नियमांपैकी एक. दुसरा नियम इस्त्रीच्या शर्टाचा. फोनवरच्या मुलाखतीत कुणाला काही दिसत नाही हे तिलाही कळत होतं. पण घरातल्या सैल कपड्यांत बसलं की आवाजही सैल येतो अशी तिची पक्की समजूत झाली होती. म्हणून शर्टाची वरपर्यंत बटणं लावून, केस घट्ट बांधून, पलंगाच्या अगदी कडेवर, भरलेल्या बसमध्ये कुणी सरकून दिलेल्या अर्ध्या जागेवर बसावं तशी ती बसायची. तिकडून फोन बंद झालाच नाही. कागद सरकल्याचा आवाज आला, खुर्ची करकरली, आणि इतका वेळ एक अक्षरही न बोललेल्या कुणा पुरुषाचा वयस्कर, घोगरा आवाज अगदी कानाशी आल्यासारखा म्हणाला, “बाई हुशार आहेत हो. पण विझल्यात.” मुलगी काहीतरी पुटपुटली. “कामाचं म्हणत नाहीये मी,” तो आवाज म्हणाला, “माणूस म्हणतोय.” मग टक् झालं आणि सगळं शांत. ती आणखी थोडा वेळ फोन तसाच धरून बसली. कान गरम झाला होता. मागच्या खोलीत नवऱ्याचं कोरायचं यंत्र बारीक सुरात घूं घूं करत होतं, थांबत होतं, पुन्हा सुरू होत होतं.

विझल्यात. शब्द चांगला होता, आणि त्याचंच तिला जास्त लागलं. “दमल्यात” म्हणाला असता तर तिने झटकून टाकलं असतं. दमलेलं कोण नसतं? “वय झालंय” म्हणाला असता तर घटकाभर चिडून, नवऱ्यापाशी दोन शिव्या देऊन मोकळी झाली असती. पण एकवीस वर्षं तिने हेच तर केलं होतं. ऐकताक्षणी माणसाच्या अंगाला चिकटून बसेल असा एकच शब्द शोधायचा, त्यासाठी पन्नास शब्द घासूनपुसून फेकून द्यायचे. गाद्यांच्या कंपनीत एका “अलगद”साठी तिची सगळी टीम पाच दिवस डोकं धरून बसली होती. आणि इथे कुलपं बनवणारा कोणी म्हातारा, वीस मिनिटं नुसता आवाज ऐकून, खुर्ची मागे सरकवता सरकवता तिच्यासाठी अचूक शब्द काढून मोकळा झाला होता. ती उठली, शर्टाचं वरचं बटण काढलं, आरशासमोर गेली. आरशात नेहमीचीच बाई होती. विझलेलं माणूस दिसतं कसं, हे तिला बघायचं होतं. पण आपण आरशात बघतो तेव्हा थोडे सावध होऊनच बघतो, त्यामुळे तिथे काही सापडलं नाही. तिने मुद्दाम तोंड फिरवलं आणि एकदम वळून स्वतःला गाठायचा प्रयत्न केला. मग आपण काय पोरकटपणा चालवलाय असं वाटून ती स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण ओटा पुसायला लागली.

नवरा पाणी प्यायला आला. तो दातांच्या कवळ्या बनवायचा. घराची मागची खोली म्हणजे त्याचं वर्कशॉप, आणि त्याच्या भुवयांवर बारा महिने प्लास्टरची पांढरी भुकटी बसलेली. “कसा झाला?” त्याने विचारलं. “बरा,” ती म्हणाली. सात महिन्यांत हा “बरा” इतका वापरून झाला होता की त्याच्या कडा पार झिजल्या होत्या. पहिल्या महिन्यात असं नव्हतं. तेव्हा ती प्रत्येक मुलाखतीनंतर त्याच्या वर्कशॉपच्या दाराशी उभी राहून हातवारे करत सगळं सांगायची: त्यांनी काय विचारलं, आपण काय ठोकून दिलं, समोरचा कसा गार पडला. तेव्हा तिने भिंतीवर कंपन्यांच्या नावांचा तक्ता लावला होता, रोज सकाळी चालायला जायची, आणि “मी सध्या जरा विश्रांती घेतेय” हे वाक्य ती इतक्या झोकात म्हणायची की एका मैत्रिणीला तिचा हेवाच वाटला होता. मग कधीतरी तक्त्याचं एक टोक निघालं आणि पंख्याच्या वाऱ्यावर फडफडायला लागलं, ते तिने परत चिकटवलं नाही. मग ते अर्ज आले, ज्यांत आधी आपली सगळी माहिती असलेला कागद जोडायचा आणि नंतर त्यातलीच सगळी माहिती पुन्हा एकेका चौकोनात भरायची. मग तो तिशीतला गृहस्थ आला ज्याने विचारलं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता, आणि तिला त्या क्षणी खरोखरच ती स्वतः दिसली होती: याच खुर्चीत, याच प्रश्नासमोर, फक्त केस आणखी पांढरे. “तुमचा अनुभव आमच्यासाठी जरा जास्त होतो,” असं लोक सांगायचे, जसं काही तो मिठासारखा कमी करून घालता आला असता. नवरा ग्लास विसळून पालथा घालून गेला. जाता जाता त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि शर्टावर पाच पांढरी बोटं उमटली. तिने ती झटकली नाहीत.

दुपारी त्याच नंबरवरून पुन्हा फोन आला. तीच मुलगी. “मॅडम, आमच्या मालकांनी तुम्हाला प्रत्यक्ष भेटायला बोलावलंय. परवा अकरा वाजता जमेल?” जमेल, ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर आनंदाऐवजी तिला प्रश्नच पडला. का? विझलेल्या बाईला बोलावतात कशाला? दया म्हणून? का कुणी तरी तिसरा माणूस आधीच पक्का झालेला, आणि चारचौघांना भेटलो एवढं दाखवण्यापुरती ही? तिने मुलाखत मनातल्या मनात पहिल्यापासून पुन्हा ऐकली. काही विशेष नव्हतं. फक्त एकदा, मुलीने विचारलं होतं, “आमची जाहिरात बघितलीत का?” आणि तिच्या तोंडून निसटलं होतं, “बघितली. नाही आवडली.” असं म्हणायचं नसतं हे तिला वीस वर्षांपासून माहीत होतं. पण खोटं बोलायलाही अंगात थोडी ऊब लागते, आणि ती त्या क्षणी नव्हती. लेक शाळेतून आली तेव्हा ती अजून तोच ओटा पुसत होती. “आई, किती चकचकीत करशील? विकायचाय का?” लेक म्हणाली, आणि ती हसली. आपण हसलो ते कितव्या सेकंदाला हसलो, जरा उशिरा का, हेसुद्धा तिने मोजलं. तो शब्द असा घरभर तिच्या मागे मागे हिंडत होता. पाणी ओतताना, कपडे घडी करताना, लेकीच्या वहीवर सही करताना. कधी विझले मी? हा प्रश्न तिने आधी टाळला, मग विचारला, आणि विचारल्यावर लक्षात आलं की उत्तर आपल्याला केव्हाचं ठाऊक आहे.

नोकरी गेली त्या दिवशी नव्हे. त्या दिवशी उलट ती चांगली पेटली होती, साहेबाला चार गोष्टी स्पष्ट सुनावून, खोक्यात आपला कप आणि कुंडी घेऊन ताठ मानेने बाहेर पडली होती. त्याच्या तीन आठवडे आधीचा एक गुरुवार होता. त्याच साहेबाने तिला छोट्या मीटिंगच्या खोलीत नेलं होतं, जिथे नमुन्याची एक गादी भिंतीला टेकवून ठेवलेली असायची, आणि दार लावून सांगितलं होतं, “तुमच्या विभागातून सात. कोण, ते तुम्हीच ठरवा. तुम्ही माणसं ओळखता.” तिने पेन्सिल घेतली. पेन घेतलं नाही, कारण पेन्सिलीने लिहिलेलं अजून खरं नसतं असं काहीतरी तिला वाटलं असावं. सहा नावं पटापट झाली. कुणाला दुसरीकडे काम मिळणार होतं, कुणाचं मनच नव्हतं, कुणी नुकताच लागलेला. सातव्यावर पेन्सिल अडली. एकीकडे चित्रं काढणारी ती बोलकी, तापट बाई, आणि दुसरीकडे मास्तर. मास्तर जाहिरातींचा मजकूर लिहायचे. पन्नाशी उलटलेले, बारीक, शर्टाच्या खिशाला कायम लाल पेन. सगळ्या ऑफिसचं शुद्धलेखन तपासत फिरायचे म्हणून मास्तर. कॅन्टीनच्या फळ्यावरचा मेनूसुद्धा ते दुरुस्त करून यायचे. तिने मास्तरांचं नाव लिहिलं, खोडलं, त्या बाईचं लिहिलं, खोडलं, पुन्हा मास्तरांचं लिहिलं, पुन्हा खोडलं. कागद त्या जागी पातळ झाला, खालच्या टेबलाचा रंग दिसायला लागला. शेवटी तिने मास्तरांचंच लिहिलं, आणि का लिहिलं ते तिला लिहितानाच कळलं. मास्तर कमी कामाचे होते म्हणून नाही. ते रडणार नाहीत म्हणून. आरडाओरडा करणार नाहीत, दारात उभं राहून “मीच का?” विचारणार नाहीत. सोयीचं होतं ते. आणि तसंच झालं. मास्तरांनी साहेबाकडून पत्र आणलं, तिच्या टेबलाशी उभं राहून वाचलं, लाल पेन तिथेच ठेवलं आणि तिच्याकडे न बघता गेले. तीन आठवड्यांनी तिचं नाव दुसऱ्या कुणाच्या तरी यादीत आलं, आणि लोक म्हणाले, बघा, किती प्रामाणिक बाई, तिलाही सोडलं नाही. ती गप्प राहिली. नवऱ्यालाही तिने यादीबद्दल कधी सांगितलं नव्हतं. त्यानंतर मास्तरांचा चार वेळा फोन आला. दर वेळी पडद्यावर “मास्तर” अशी अक्षरं उजळायची आणि ती फोन पालथा घालून त्याच्याकडे पाठ करून उभी राहायची, तो थरथरत थरथरत टेबलाच्या कडेपर्यंत सरकेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक शाळेत गेली, मागच्या खोलीतलं यंत्र सुरू झालं, आणि ती गॅलरीत गेली. समोरच्या इमारतीत एक बाई खिडकीच्या काचा पुसत होती, एकच काच पुन्हा पुन्हा. तिने काही ठरवलं नव्हतं. म्हणजे काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच ती मनात तालीम न करता एखादा फोन लावत होती. दोन रिंग झाल्या आणि फोन उचलला गेला.

“मॅडम?” मास्तरांचा आवाज होता तसाच होता, कोरडा, टोक काढल्यासारखा.

“मास्तर, तुम्ही फोन केला होतात.”

“चार केले. शेवटचा एप्रिलमध्ये.”

“घेतला नाही मी.”

“ते समजलं.” मागे त्यांच्याकडे कुकरची शिट्टी झाली.

“मास्तर, ती यादी मी केली होती.”

“मला माहीत आहे की. अक्षर तुमचं होतं. साहेबाच्या टेबलावर उघडीच पडली होती ती. मी पत्र घ्यायला गेलो तेव्हा बघितली. उलटं वाचता येतं मला, सवय आहे.”

तिने गॅलरीचा गज धरला. तो गार होता, आणि हाताला गार लागतोय हे तिला फार स्पष्ट जाणवलं. “मग फोन कशाला करत होतात?”

“पहिला केला तो भांडायला,” मास्तर म्हणाले. “खोटं कशाला सांगू? सगळं लिहून ठेवलं होतं, मुद्देसूद. तुम्ही उचलला नाही. दुसऱ्याच्या आधी कळलं की तुम्हालाही काढलं. मग म्हटलं विचारावं, बऱ्या आहात ना. तिसरा, चौथा त्याचसाठी.” ते थांबले. “राग गेलाय असं नाही हं. आहे. पण एक सांगा, मी कितवा होतो? कागद उलटा होता, आणि नावापाशी सगळं काळं झालं होतं, आकडा लागला नाही मला.”

“सातवे.”

“शेवटचा.”

“हो. दोनदा खोडलं होतं.”

“दोनदा,” मास्तर म्हणाले, जणू कुणी एखादा शब्द बरोबर लिहिलाय का ते तपासत होते. “आणि मग लिहिलंत का?”

इथे तिला काहीही सांगता आलं असतं. विभागाची गरज, वरून आलेला दबाव, असली वाक्यं तिच्याकडे पैशाला पासरी होती. एकवीस वर्षं तिने तीच तर घडवली होती. “तुम्ही रडणार नाही म्हणून,” ती म्हणाली. “तुमच्याकडून मला त्रास होणार नाही म्हणून.”

समोरच्या बाईने काच पुसणं थांबवलं होतं आणि कमरेवर हात ठेवून ती आकाशाकडे बघत होती. मास्तर म्हणाले, “रडलो की. तुमच्यासमोर नाही. बसस्टॉपवर. आणि तिथे आपलीच जाहिरात लावलेली, गादीवर ती बाई झोपलीय ती. खाली मोठ्या अक्षरांत ‘निश्चिंत’. त्यातला ‘श्चि’ दीर्घ काढलेला! मी रजेवर होतो त्या आठवड्यात छापली असणार. म्हटलं, आपण रडतोय इथे आणि हे बघा. रडणंच थांबलं माझं. खिशात लाल पेन शोधायला लागलो, तर पेन तुमच्या टेबलावर.”

तिला हसू आलं आणि त्याच श्वासात रडू आलं. दोन्ही एकाच वाटेने बाहेर यायला बघत होती, त्यामुळे घशातून कसलातरी विचित्रच आवाज निघाला. “रडू नका,” मास्तर म्हणाले, “मला ऐकवत नाही. आणि ऐका, मी काही उपाशी नाहीये. औषधांच्या डब्यांतले ते घडीचे कागद असतात ना, ते तपासतो घरी बसून. त्यात दोन चमचेऐवजी दहा चमचे छापलं गेलं तर माणूस जाईल. इतकं महत्त्वाचं काम मी गादीवाल्यांकडे कधी केलं नव्हतं.” फोन ठेवताना ते म्हणाले, “पुन्हा केलात तर उचलीन. तुमच्यासारखं नाही.” आणि तो टोमणा तिला इतका बरा वाटला की ती गॅलरीत खालीच बसली, फरशीवर, भिंतीला पाठ लावून. काही सुटलं होतं, संपलं नव्हतं. राग आहे असं तो माणूस म्हणाला होता आणि तो राहणार होता. पण सात महिने जी गोष्ट तिने दोन्ही हातांनी दाबून धरली होती तिच्यावरचे हात काढले तरी ती उसळून अंगावर आली नव्हती. हात मात्र दुखत होते. खरोखरच, खांद्यापासून बोटांपर्यंत. उन्हाचा एक पट्टा तिच्या पायांवर आला होता आणि तो हळूहळू गुडघ्यापर्यंत सरकेपर्यंत ती तशीच बसून राहिली. पुढचं काय, हे त्या वेळात तिच्या डोक्यात एकदाही आलं नाही.

कुलपांचा कारखाना गावाच्या कडेला, एका लांब विटांच्या भिंतीमागे होता. फाटकावरच्या रखवालदाराने वहीत तिचं नाव लिहून घेतलं आणि ‘कुठून आलात’च्या रकान्यात काय लिहू असं विचारलं. “घरून,” ती म्हणाली, आणि त्यानेही ते बिनतक्रार लिहिलं. आत तेलाचा आणि घासलेल्या पितळेचा वास होता. एका लांब टेबलाशी सहा-सात बायका मान खाली घालून कुलपांच्या पोटात बारीक स्प्रिंगा बसवत होत्या आणि बोलत होत्या, आणि मधूनच एखादं कुलूप खटकन बंद होई. मालकाची खोली अरुंद होती. तो फोनवरच्या आवाजापेक्षा लहानखुरा निघाला. जाड भिंगांचा चष्मा, काळी पडलेली बोटं, समोर वर्तमानपत्रावर एक कुलूप उघडून पसरलेलं. शेजारी ती फोनवरची मुलगी वही घेऊन बसली होती, चेहरा अगदीच कोवळा, आवाजावरून वाटली होती त्याहून कितीतरी.

“बसा,” मालक म्हणाला. “तुम्ही म्हणालात, आमची जाहिरात आवडली नाही. का नाही आवडली?”

उत्तर तिने बसमध्ये तयार केलं होतं, गोल, गुळगुळीत, कुणालाही न टोचणारं. ते जिभेवर आलंसुद्धा. “सांगते,” ती म्हणाली. “पण त्याआधी एक. परवा तुमच्याकडून फोन बंद झाला नव्हता. मी ऐकलं.”

मुलीची पेन्सिल थांबली. तिच्या गळ्यापासून कानापर्यंत लाली चढत गेली. फोन बंद करायचं काम तिचं होतं. मालकाने एक फडकं घेतलं आणि एकेक बोट सावकाश पुसायला लागला. दहाही बोटं पुसून झाल्यावर म्हणाला, “काय ऐकलंत?”

“विझल्यात.”

“हं. मग आलात कशाला?”

“बरोबर होतं म्हणून. आणि विझलेल्या बाईला तुम्ही बोलावलंत कशाला, हे विचारायचं होतं म्हणून.”

“त्याचं काय आहे,” मालक जरा पुढे वाकून, दार लागलंय ना ते बघून म्हणाला, “तुमच्या आधी चौघांशी बोललो. चौघांनाही आमची जाहिरात फार आवडली. चौघांनाही! ती माझ्या जावयाने केलीय. मला स्वतःला ती बघवत नाही.” मुलीने वही तोंडासमोर धरली, पण खांदे हलत होते. मालकाने तिकडे दुर्लक्ष केलं. “आणि विझलात कशाने? सांगायचं नसेल तर राहू दे.”

“मागच्या ठिकाणी कुणाला काढायचं त्याची यादी मी केली होती. सात जणांची. शेवटचं नाव माझी सोय बघून लिहिलं, आणि मग त्या माणसाचा फोन सात महिने घेतला नाही. काल घेतला. म्हणजे, मीच केला.”

“काय म्हणाला?”

“शुद्धलेखनाबद्दल बोलला बराचसा.”

मालकाने तिच्याकडे चष्म्याच्या वरून पाहिलं. आणखी काही विचारेल असं तिला वाटलं, पण त्याने विचारलं नाही. “तो शब्द मागे घेऊ का मी?” तो म्हणाला. “नको,” ती म्हणाली, “शब्द उत्तम आहे. कुलपांवर छापू नका म्हणजे झालं.” तेव्हा तो हसला, दातांची मधली फट दिसेपर्यंत, आणि तिने जाहिरातीबद्दल बोलायला सुरुवात केली. बोलता बोलता तिला ऐकू येत होतं की आपला आवाज ताठ नाहीये, मध्येच खाली येतोय, एका वाक्यात अडखळतोय, आणि तरी चाललाय. ती म्हणाली, तुमच्या प्रत्येक जाहिरातीत एक चोर आहे. तोंडाला फडकं बांधलेला, दाराशी वाकलेला. म्हणजे माणसाने तुमचं कुलूप बघितलं की त्याला आधी चोर आठवणार. घाबरलेला माणूस घेईल एखादं कुलूप, पण तुमच्या नावाची त्याला कायमची भीती बसेल. मी माझंच सांगते, मी कुलूप चोरासाठी लावत नाही. मी ते लावते आणि जिना उतरते, आणि खाली आल्यावर मला परत वर जाऊन ओढून बघावंसं वाटू नये, यासाठी मी चांगलं कुलूप घेते. तुम्ही लोकांना तो जिना विका. मालक ऐकत होता. त्याने समोरच्या उघड्या कुलपातली एक स्प्रिंग उचलली, उजेडाकडे धरली, पुन्हा जागेवर ठेवली. “मी खाली उतरून दोनदा वर जातो,” तो म्हणाला. “स्वतःचं कुलूप असून.” ते तो असं म्हणाला की मुलीने ते वहीत लिहायला घेतलं आणि मग लिहू की नको या विचारात पडली.

त्याने फार वेळ लावला नाही. सोमवारपासून या म्हणाला. पण आधी एक स्पष्ट बोलायचं होतं त्याला, आणि ते बोलताना त्याची नजर टेबलावर होती, कारण हे ऐकून चांगली माणसं उठून जातात असा त्याचा अनुभव असावा. “हुद्दा तुमच्या आधीच्यापेक्षा लहान आहे. खोली वेगळी मिळणार नाही, हिच्या शेजारी बसावं लागेल. आणि तुमच्या हाताखाली कुणी नसेल. निदान पहिली एक-दोन वर्षं तरी.”

“कुणीच नाही?” तिने विचारलं.

“कुणीच नाही. जे करायचं ते तुमचं तुम्ही.”

तिला वाटलं आपण आत्ता काहीतरी बोललं पाहिजे, विचार करते असं म्हटलं पाहिजे, मान राखायला निदान एक दिवस मागून घेतला पाहिजे. पण “कुणीच नाही” हे दोन शब्द तिच्या छातीत उतरले आणि तिथे एखादी खिडकी उघडावी तसं मोकळं वारं आत आलं. ना कुणाच्या रजेचा कागद, ना कुणाचं मूल्यमापन, ना छोट्या खोलीत नेऊन दार लावून सांगितलेला आकडा. एक टेबल, एक माणूस, एक काम. “चालेल,” ती म्हणाली. मग, मालकाला नीट ऐकू गेलं नसेल असं वाटून पुन्हा म्हणाली, “चालेल मला.” जाताना ती मुलगी फाटकापर्यंत तिच्यासोबत आली आणि दोनदा माफी मागून तिसऱ्यांदा मागायला लागली, तेव्हा तिने तिचा दंड धरला. “अगं, तू फोन वेळेवर ठेवला असतास तर मी आज खोटं बोलून गेले असते,” ती म्हणाली. मुलीला ते पुरतं कळलं नाही, पण तिचा जीव भांड्यात पडला.

ती पायीच निघाली. दोन स्टॉप चालत गेल्यावर एका लहानशा हॉटेलात शिरून तिने पाव आणि अंडी मागवली, ती संपवून पुन्हा तेच मागवलं. समोरच्या टेबलावरचा एक म्हातारा आपल्या कॉफीत साखर ढवळत बसला होता, ढवळतच बसला होता, आणि ती काहीही विचार न करता त्याच्या चमच्याकडे बघत राहिली. चव लागत होती. मिरपूड, भाजलेल्या पावाची कड, लोणी. सगळं वेगवेगळं लागत होतं. किती दिवसांनी, हे तिने मोजलं नाही.

घरी पोचली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. मागच्या खोलीचं दार नेहमीप्रमाणे अर्धवट लोटलेलं. नवरा स्टुलावर वाकून बसला होता, तोंडाला फडकं, हातात कवळी, यंत्राचं टोक एका दातावर फिरत होतं. तिला बघून त्याने यंत्र थांबवलं नाही. मान तेवढी किंचित वर केली. म्हणजे सांग, किंवा नको सांगूस, दोन्ही चालेल. सात महिने तो असाच विचारत आला होता.

“मिळाली,” ती म्हणाली. “सोमवारपासून. हुद्दा लहान आहे. आणि तुला एक सांगायचंय, जुन्या ऑफिसमधलं, तुला न सांगितलेलं. पण ते जरा वेळाने सांगते. मिळाली.”

त्याने मान हलवली. “छान,” फडक्याआडून म्हणाला, “छान, छान,” आणि यंत्र तसंच सुरू राहिलं, घूं घूं, त्याचे डोळे तिच्यावर, हात कवळीवर. तो इतका शांत होता की तिला क्षणभर वाटलं, याला ऐकूच गेलं नाही. मग एकदम यंत्राचा सूर बदलला, पोकळ झाला, आणि दोघांनीही खाली बघितलं. दात नव्हता. जिथे दात होता तिथे गुलाबी हिरडीत एक स्वच्छ, गुळगुळीत खाच पडली होती.

“गेला,” नवरा म्हणाला.

“कुणाचा रे?”

“त्या पोस्टातल्या बाईंचा. समोरचा दात. उद्या लग्नाला जायचंय त्यांना.” त्याने यंत्र बंद केलं, फडकं खाली ओढलं. आणि तिला दिसलं की फडक्याखाली त्याचा चेहरा अजिबात शांत नव्हता. हनुवटी थरथरत होती, ओठ आत ओढलेले, आणि गालांवरच्या पांढऱ्या भुकटीतून दोन ओल्या रेघा खाली उतरल्या होत्या. “मला वाटलं होतं,” तो म्हणाला, “मला वाटलं होतं की…” आणि वाक्य तिथेच सोडून तो हसायला लागला, कवळी हातात धरून, खांदे गदगदवत, आवाज न करता आधी आणि मग मोठ्याने. तिने कोपऱ्यातलं दुसरं स्टूल ओढलं, त्यावरची प्लास्टरची पिशवी खाली ठेवली, आणि त्याच्यासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसली.

“दे इकडे,” ती म्हणाली. “मी धरते. तू नवीन बसव.”